वडूजच्या ऑफिसातला पैरा

धनाजी कोंडीबा दडस नऊ वर्षं पुण्यात भाड्यानं दिला जात होता, आणि त्याबद्दल त्याची फारशी तक्रार नव्हती. ज्या कंपनीनं त्याला नोकरी दिली होती, तिच्याकडे स्वतःचं असं कामच नव्हतं. ती माणसं ठेवायची आणि दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर लिहायला द्यायची. माणसांना तिथं माणसं म्हणायची पद्धत नव्हती, 'रिसोर्स' म्हणत. आज हिंजवडीत बसवलं, सहा महिन्यांनी खराडीत. धनाजीला यात नवल वाटलं नाही. त्याच्या बापानं उभा जन्म कृष्णाकाठच्या रानांत मेंढरं बसवण्यात काढला होता. खतासाठी शेतकरी कळप मागायचा, चार रात्री कळप त्याच्या रानात बसायचा, मग पुढचं रान. फरक एवढाच की, कळप हलवायच्या आधी कोंडीबा आभाळ बघायचा, पाण्याचा ठाव घ्यायचा, लंगडणारं कोकरू खांद्यावर टाकायचा. पुण्यात नुसता मेल यायचा.

अकरा वेळा धनाजी 'रिलीज' झाला, म्हणजे बसल्या कामावरून उठवला गेला. दर वेळी मेल आला की कुणीतरी मॅनेजर त्याला काचेच्या खोलीत बोलवायचा, पाण्याची बाटली पुढं करायचा आणि केव्हाच ठरून गेलेली गोष्ट जणू आत्ताच दोघांनी मिळून ठरवायची आहे, अशा थाटात बोलायचा. अकराव्या वेळी धनाजीनं बाटली उघडलीसुद्धा नाही. मनाशी मात्र एक ठरवलं. उद्या आपलं चार माणसांचं ऑफिस झालं, तर त्यातला एकही माणूस असा घालवायचा नाही.

पुढं कोरोना आला, सगळी पुण्याहून गावी पळाली, तसा धनाजीही वडूजला आला आणि परत गेला नाही. एसटी स्टँडसमोर खत-बियाण्यांच्या दुकानावर त्यानं दोन खोल्या घेतल्या. खाली युरियाची पोती, वर लॅपटॉप. पाऊसकाळात खताचा असा वास वर यायचा की, नवीन आलेल्या माणसाचं पहिला आठवडा डोकं धरायचं. पण नेट बरं होतं, इन्व्हर्टर होता, आणि पुण्यात ज्या भाड्यात मोटरसायकल उभी करायला जागा मिळाली असती, त्यात इथं ऑफिस झालं.

काम विलायतेतल्या एका विमा कंपनीचं होतं. ती कुत्र्यामांजरांचा विमा उतरवायची. तिनं ते पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीला दिलेलं, पुण्यानं सांगलीच्या वीरधवलला दिलेलं, आणि वीरधवलनं वडूजला. पायरी उतरताना काम तेवढंच राहायचं, पण पायरी चढताना माणसांचे हुद्दे वाढायचे. वडूजच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेला सिद्धू सांगलीला पोचेपर्यंत इंजिनियर व्हायचा, पुण्यात सिनियर इंजिनियर, आणि समुद्र ओलांडला की स्पेशालिस्ट. हा स्पेशालिस्ट सकाळी म्हशीच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून मगच ऑफिसला यायचा.

धनाजीच्या आईला, तानुबाईला, हे काम काही केल्या पटत नव्हतं.

"कुत्र्याचा इमा? आन् मेंढराचा?"

"मेंढराचा न्हाई उतरवत ती, आई."

"मग कसली रं शाणी माणसं ती?" असं म्हणून तिनं तो विषय कायमचा मिटवला होता.

ऑफिसात सिद्धू, रविराज, सृष्टी आणि पूजा असे चौघे. पूजाचं माहेर औंधचं, सासर वडूजचं, पदरात तीन वर्षांची मुलगी. तिला कोड लिहिता यायचा, पण लिहिण्यात तिचा जीव रमायचा नाही. तोच दुसऱ्यानं लिहून समोर ठेवला की, शेंगदाणे निवडणाऱ्या बाईच्या बोटांना खवट दाणा कळावा तसा तिला त्यातला दोष कळायचा.

"रवी, एकच कुत्रं एकाच दिवशी दोनदा मेलं तर?" ती विचारायची.

"असं कसं मरंल?"

"मेलं तर? कंपनी दोनदा पैसे देणार का न्हाई?"

रविराज पडद्याकडे बघायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "देणार की गं."

तर अशी पूजा. पण करारात तपासनिसाची जागाच नव्हती. चार डेव्हलपर आणि एक मॅनेजर, एवढीच पाच माणसं लिहिलेली. म्हणून कागदोपत्री पूजा डेव्हलपर झाली. मग कुणी न ठरवताच असं सुरू झालं की, पूजाच्या वाट्याचा कोड बाकी तिघं लिहायची आणि सगळ्यांचं काम पूजा तपासायची. एकाचं काम तटलं की, चौघं त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच लॉगिनवर तुटून पडायची. एका बाजारच्या दिवशी तानुबाई धनाजीचा डबा घेऊन वर आली, तर चार खुर्च्या एका पडद्यासमोर ओढलेल्या.

"आज सिद्धूच्यात पैरा हाय व्हय?" तिनं विचारलं.

सगळी हसली, पण म्हातारीनं नेमकं ओळखलं होतं. खटाव तालुक्यात एकाच्या रानात ज्वारीची काढणी निघाली की, शेजारची चार घरं हातात विळे घेऊन येतात, पुढच्या आठवड्यात तो त्यांच्यात जातो. मजुरी नाही, वही नाही. कुणी किती केलं ते ज्याच्या त्याच्या ध्यानात असतं. त्या दिवसापासून ऑफिसातल्या त्या प्रकाराला पैरा हेच नाव पडलं, आणि वडूजहून गेलेल्या कामात चूक निघत नाही, अशी पुण्यात ख्याती झाली.

करारात एक पान असं होतं की, प्रत्येकानं फक्त आपल्या लॉगिनवरच काम करायचं, दुसऱ्याच्या लॉगिनला हात लावायचा नाही. त्या पानावर चौघांच्या सह्या होत्या. सही करताना ते पान कुणी वाचलं नव्हतं. धनाजीनं वाचलं होतं, पण काम उत्तम चाललेलं असताना माणसाला वाचलेलं विसरायला फार वेळ लागत नाही. शिवाय त्याचा स्वतःचा या पैऱ्यात हात नव्हताच. तो मॅनेजर. तो मीटिंगांना बसायचा, तक्ते भरायचा, "काय, कुठवर आलं?" असं दाराशी उभा राहून विचारायचा. गेल्या पाच वर्षांत त्यानं कोडची एक ओळ लिहिली नव्हती.

मग ऑगस्टमध्ये पूजाच्या मुलीला डेंगी झाला. साताऱ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले. करार असा की, माणूस चार दिवसांच्या वर गैरहजर राहिला तर त्याच्या जागी दुसरा द्यायचा. आणि दुसरा एकदा बसला की पहिल्याला परत बोलावतंय कोण! तेव्हा उरलेल्या तिघांनी पूजाच्या लॉगिनवर पैरा लावला. सृष्टीला पासवर्ड माहीत होताच, सगळ्यांचे सगळ्यांना माहीत होते. आता पैऱ्याची एक रीत आहे. अडचणीतल्या घरच्या रानात माणसाचा हात जरा जास्तच चालतो. रविराज सकाळी आठला येऊन बसायचा, सिद्धूनं डेअरीचं काम भावावर टाकलं. पूजाची त्या पंधरवड्याची कामं तर उरकलीच, पण पोरगी बरी झाल्यावर तिला चार दिवस निवांत मिळावेत म्हणून पुढच्या महिन्याचीही उरकली. एकंदर त्रेचाळीस कामं. आपापल्या लॉगिनवरची कामं तेवढे दिवस तशीच पडून राहिली. ती काय, नंतर ओढता आली असती.

पोरगी बरी झाली, पूजा एका गुरुवारी कामावर आली, आणि त्याच दिवशी पुण्याहून धनाजीला मेल आला.

पुण्याच्या कंपनीनं कुणाच्या लॉगिनवर किती काम झालं, हे मोजणारी नवी यंत्रणा बसवली होती. त्या यंत्रणेनं दोनशे चाळीस माणसांची यादी लावली होती. यादीत पूजा पहिली. सिद्धू, रविराज आणि सृष्टी तळाला. मेलच्या पहिल्या परिच्छेदात पूजाचं तोंड भरून कौतुक होतं. दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की, पूजा या एकट्या चार जणांचं काम करत असल्याचं दिसून येतं, सबब वडूजमधल्या उर्वरित तीन डेव्हलपर जागांची आवश्यकता राहिलेली नाही. सोमवारी मीटिंग, महिनाअखेर तिघं रिलीज.

धनाजीनं तो मेल चार वेळा वाचला. शेजारच्या खोलीत ती तिघं आपली मागं पडलेली कामं ओढत बसली होती, आणि पूजा सगळ्यांना साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे वाटत होती. गप्प बसावं तर तिघांच्या नोकऱ्या जातात. खरं सांगावं तर करार मोडल्याचं उघड होतं, म्हणजे कदाचित सगळंच जातं. त्यानं लॅपटॉप मिटला, बाहेर आला, एक पेढा खाल्ला आणि पोरीची चौकशी केली. मेलबद्दल अवाक्षर काढलं नाही. उगाच घाबरतील, असं त्यानं स्वतःला समजावलं.

शुक्रवारी तो विटा-तासगावमार्गे एसटीनं सांगलीला गेला. वीरधवल वाळव्याकडच्या बागायतदाराचा मुलगा, वयानं धनाजीपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मध्ये पायरीचा फरक असल्यानं धनाजी त्याला साहेब म्हणायचा. वीरधवलनं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलून मोठ्यांदा हसला.

"पैरा? अजून करता व्हय तुमी पैरा? आमच्याकडं आता ऊस लावायला टोळी, तोडायला टोळी. आमी नुसतं बांधावर गाडी उभी करतो."

"साहेब, हसण्यावारी नगा न्हेऊ. तिघं घरी बसतील."

"हे बघा धनाजीराव, मी मधला माणूस हाय. वरचं खाली सांगतो, खालचं वर सांगतो. खरं सांगायचं असंल तर तुमी सांगा. मी आपला मीटिंगला हाय. आवाज बंद ठेवून."

परतीच्या एसटीत, मायणीच्या अलीकडं कुठंतरी, धनाजीनं ठरवलं. खरं सांगायचं. निर्णय झाल्यावर त्याला बरं वाटलं. आपण त्या काचेच्या खोलीतल्या लोकांसारखे नाही, याची त्याला खात्री पटली, आणि छाती थोडी फुगलीही.

सोमवारी त्यानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. पडद्यावर पुण्याचे शंभूराज सर आले. तिशीतला, नेटका, हळू बोलणारा माणूस. खालच्या कोपऱ्यात वीरधवल, आवाज बंद. धनाजीनं जीव मुठीत धरून सगळं सांगितलं. पूजाची मुलगी, अकरा दिवस, त्रेचाळीस कामं, आणि पैरा.

"पैरा म्हणजे नेमकं काय?" शंभूराज सरांनी विचारलं.

धनाजीनं ज्वारीच्या काढणीपासून सांगितलं. शंभूराज सर लक्ष देऊन ऐकत होते, मध्येमध्ये टिपून घेत होते.

"छान कल्पना आहे," ते शेवटी म्हणाले. "पण आपल्या करारात बसत नाही. मला एक सांगा. पूजा स्वतः कोड लिहितात का?"

"लिहितात की. थोडा. त्यांचा खरा हात तपासण्यात आहे. आमचं काम चुकत नाही ते त्यांच्यामुळं."

"तपासणीची जागा करारात नाही."

"नाही, सर."

"मग प्रश्न सोपा होतो," असं म्हणून शंभूराज सरांनी तो खरंच सोपा केला. तिघं डेव्हलपर आहेत, ते राहतील. पूजा डेव्हलपर नाहीत, तर डेव्हलपरच्या जागेवर त्यांना ठेवता येत नाही. त्यांना रिलीज करावं आणि ती जागा महिन्याभरात भरावी. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम आजपासून बंद. प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल त्यांनी धनाजीचे आभार मानले. वीरधवलनं आवाज सुरू करून "थँक यू सर" म्हटलं आणि पुन्हा बंद केला.

यादीत पहिली आलेली बाई वीस मिनिटांत घरी गेली. धनाजीला ते लगेच उमगलंही नाही. तिघं वाचली, काम वाचलं, यातच तो दोन मिनिटं खूश होता. मग त्यानं दार उघडलं, पूजाला आत बोलावलं, आणि ती समोर बसल्यावर टेबलावरचा पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

तिनं पाणी घेतलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मेल गुरुवारीच आल्ता?"

"व्हय."

"मी पेढं वाटत हुते तवा?"

"तुमास्नी घोर नको म्हणून मी..."

"दादा, तुमी खरं सांगितलं त्याचं काय न्हाई," पूजा म्हणाली. "आमाला इचारलं असतं तर मी बी हेच म्हणले असते, का सांगून टाका. तिघांच्या पोटावर पाय देऊन मला कुठं जायचं हुतं? पर ते मी म्हणले असते, दादा. पैऱ्यात एकट्यानं ठरवत न्हाईत."

ती उठली, बाहेर जाऊन तिनं आपला डबा आणि पोरीचा फोटो पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेली. सिद्धूनं धनाजीकडं पाहिलं, रविराजनं पाहिलंच नाही. अकरा वेळा जे त्याच्या बाबतीत झालं, ते त्यानं पूजाच्या बाबतीत केलं होतं, तेही भलं करतोय अशा भावनेनं. पुण्याचे ते अकराजणही घरी जाऊन असंच समजत असतील, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

पुढच्या तीन आठवड्यांत काय व्हायचं ते झालं. चौथी खुर्ची रिकामी, प्रत्येकजण आपापल्या लॉगिनवर, आपापल्या पडद्यासमोर. नियमानुसार. पहिल्या आठवड्यात विलायतेतल्या एका मांजराला प्रसूतीचा खर्च मंजूर झाला, ते मांजर बोका होतं. दुसऱ्या आठवड्यात एका बाईला तिचं कुत्रं वारल्याचं सांत्वनाचं पत्र गेलं, आणि कुत्रं तिच्या मांडीवर बसलेलं. पुण्याहून विचारणा झाली की, वडूजचा दर्जा एकाएकी का घसरला? आणि हो, महिना भरत आला, चौथी जागा अजून का भरली नाही?

या वेळी धनाजीनं मेल आला तसा लॅपटॉप उचलला, बाहेरच्या खोलीत नेऊन मधल्या टेबलावर ठेवला आणि तिघांना म्हणाला, "वाचा. आन् सांगा, काय करायचं ते."

तिघांनी वाचलं. मग सृष्टीनं विचारलं, "दादा, करारात मॅनेजरच्या जागंला काय काय लागतंय?"

धनाजीनं करार काढला. शोधला. मॅनेजरला संवादकौशल्य हवं होतं, कामावर नजर हवी होती, दोष हेरण्याची क्षमता हवी होती, आणि कुणाचंही काम उघडून पाहण्याची त्याला मुभा होती. कोड यायला हवा, अशी अट कुठंच नव्हती.

"आन् डेव्हलपरला?" रविराजनं विचारलं.

"तीन वर्षांचा अनुभव."

"तुमचा किती?"

"नऊ," धनाजी म्हणाला, आणि तिघं त्याच्याकडं बघायला लागली तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

संध्याकाळी चौघं पूजाच्या घरी गेली. दारात चप्पल काढून, सासूनं दिलेला चहा घेऊन, धनाजीनं तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "असं आमी योजलंय. ठरवलेलं न्हाई. तुमी म्हणाल तसं."

"मी मॅनेजर?" पूजाला हसू फुटलं. "आवं, मला त्यातलं काय येतंय?"

"दादाला तरी काय येत हुतं?" सिद्धू बोलून गेला. धनाजीनं ते ऐकून घेतलं.

पूजा दोन दिवसांनी कळवते म्हणाली, आणि पूर्ण दोन दिवस घेऊन मगच तिनं होकार कळवला.

वीरधवलनं बदल वर कळवला. नऊ वर्षांच्या अनुभवाचा माणूस तीन वर्षांच्या जागेवर मिळाल्यानं पुणे फार खूश झालं. यंत्रणेत जुनी पूजा 'डेव्हलपर, रिलीज' म्हणून नोंदलेली होती आणि नवी पूजा 'मॅनेजर' म्हणून दाखल झाली. दोन्ही पूजा एकच आहेत का, हे विचारायला त्या यंत्रणेत रकाना नव्हता. पहिल्याच आठवड्यात पूजानं शंभूराज सरांना अर्धं पान लिहिलं की, रोज दोन तास सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम तपासण्याची परवानगी असावी. सोबत तिनं त्या दोन तासांना एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. परवानगी त्याच दिवशी आली. धनाजी पाच वर्षं मॅनेजर होता, पण अशी परवानगी मागता येते, हे त्याला सुचलं नव्हतं.

त्याला आता दुसरीच काळजी होती. कोड गंजला होता. जुनं सगळं बदललेलं, नवीन डोक्यात शिरेना. सृष्टी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, ती त्याला सांगायची, "दादा, असं न्हाई, असं," आणि तो पुन्हा तीच चूक करायचा. सगळ्यात जास्त पैरा त्याच्याच लॉगिनवर लागायचा. रविराज न बोलता खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि तासाभरात त्याचं अडलेलं वाहतं करून द्यायचा. ऑफिसातला सगळ्यात कच्चा डेव्हलपर कोण, याबद्दल आता दुमत नव्हतं, आणि तरी त्याला तिथून कुणी घालवत नव्हतं.

तिमाही संपली तेव्हा पुण्याहून हुकूम आला की, मॅनेजरनं हाताखालच्या प्रत्येकाचा अहवाल भरून पाठवायचा. पूजानं सिद्धूचा भरला, सृष्टीचा भरला, रविराजचा भरला. धनाजीचा भरून ती त्याच्या टेबलापाशी आली आणि लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. बारा प्रश्न होते. तांत्रिक ज्ञानाला तिनं 'समाधानकारक' म्हटलं होतं, ही तिची मेहेरबानी. शेवटचा प्रश्न होता, सहकाऱ्यांना विश्वासात घेऊन निर्णय घेतात काय. खाली तीन पर्याय: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. तिनं तिन्ही कोरे ठेवले होते आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं होतं, 'शिकत आहेत.'

"हे असं धाडू का, दादा?" तिनं विचारलं. "म्हटलं, आधी तुमास्नी दाखवावं."

धनाजीनं ती ओळ दोनदा वाचली. "धाडा," तो म्हणाला, आणि लॅपटॉप तिच्याकडं सरकवला.